फायबर एसपीआर सेन्सर: डिप हलली की लगेच सोन्याला दोष देऊ नका

सिलिका फायबरचं क्लॅडिंग (बाहेरचं आवरण) सेंटिमीटरभर सोलायचं, उघड्या कोअरवर (आतल्या गाभ्यावर) सोन्याचा थर द्यायचा, एका टोकाकडून हॅलोजन दिव्याचा प्रकाश सोडायचा आणि दुसरीकडे वर्णपट मोजणारा स्पेक्ट्रोमीटर लावायचा. सोन्यातले इलेक्ट्रॉन ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतात (हाच सरफेस प्लास्मॉन रेझोनन्स, म्हणजे एसपीआर) आणि वर्णपटात तिथे खड्डा पडतो, तीच डिप. पाण्यात ती साधारण ६०० ते ६५० नॅनोमीटरमध्ये दिसते. द्रावणाचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती वळतो याचं माप) वाढला की ती लाल बाजूला, म्हणजे जास्त तरंगलांबीकडे सरकते. तत्त्व एवढंच, पण फसगत भलत्याच ठिकाणी होते.

सगळ्यात जास्त फसवतं तापमान. पाण्याचा अपवर्तनांक २० अंश सेल्सियसला १.३३३०, ३० ला १.३३१९ आणि ४० ला १.३३०६ असतो. अपवर्तनांक १ ने वाढल्यास डिप २००० नॅनोमीटर सरकेल, अशी प्रोबची (सोन्याचा थर दिलेल्या फायबरची) संवेदनशीलता धरा. मग पाणी ३० वरून ४० अंशांवर गेलं, की डिप सुमारे २.६ नॅनोमीटर निळीकडे येते. एक टक्का साखर तिला जवळपास तेवढीच लालकडे ढकलते. म्हणजे मे महिन्यात परभणीत दुपारी लाइट गेली, एसी बंद पडला, तर बीकरमधली टक्काभर साखर आलेखावरून गायब! सकाळी कॅलिब्रेशन आणि दुपारी नमुने, असं करूच नका. थर्मामीटर बीकरमध्येच बुडवा आणि प्रत्येक वाचनासोबत तापमान लिहा.

डिप दिसतच नसेल तर आधी रेफरन्स तपासा, म्हणजे ज्याने प्रत्येक नमुन्याच्या वर्णपटाला भागतो तो मूळ वर्णपट. तो कोरड्या प्रोबवर, हवेतच घ्यायचा. प्रोबला थेंब चिकटलेला असताना घेतला, तर पाण्याची डिप रेफरन्समध्येच बसते आणि भागाकारात उडून जाते. दिवा २०-३० मिनिटं तापू द्या. त्यानंतर फायबर टेबलाला टेपने चिकटवा. वाक बदलला की आतल्या किरणांचे कोन बदलतात आणि द्रावण तेच असूनही डिप हलते.

सोन्याचा थर ४०-५० नॅनोमीटरचा हवा, खाली क्रोमियम २-३ पुरे. क्रोमियम जाड झालं की डिप पसरट होते. स्पटरिंगमध्ये (निर्वात यंत्रात सोन्याचा थर चढवताना) फायबर फिरवला नाही, तर एक बाजू उघडी राहते. तिथून प्रकाश न शोषला जाता पुढे जातो, म्हणून डिप खोल जात नाही. प्लास्टिक फायबर असेल तर अॅसिटोन लांब ठेवा, कोअरच विरघळतो.

रसवंतीचा रस मोजताना तो गाळा, फेस बसू द्या. प्रोब उभा बुडवून हलकेच टिचकी मारा, बुडबुडे सुटतात. धुवायला डिस्टिल्ड वॉटरच. बोअरच्या पाण्याचे क्षार वाळून सोन्यावर पांढरा थर धरतात. टिश्यूने पुसू नका, सोनं निघतं.

डिप सरकली पण खोली तीच राहिली, तर कारण द्रावणात किंवा तापमानात शोधा. जागा तीच आणि खोली कमी झाली, तर आधी बुडबुडा पाहा, मग सोनं.