क्रोनो ट्रिगर खेळायचा तर असा

माझ्याकडे पेटी शिकायला येणाऱ्या मुलांपैकी कोणी ना कोणी सुट्टी लागली की विचारतंच, "ताई, एखादा जुना आरपीजी खेळायचाय, कुठला घेऊ?" आरपीजी म्हणजे पात्रं घेऊन गोष्ट पुढे नेत खेळायचा गेम. मी एकच नाव सांगते: क्रोनो ट्रिगर. स्क्वेअर कंपनीने तो मार्च १९९५मध्ये जपानात निंटेंडोच्या सुपर फॅमिकॉम या गेमयंत्रासाठी काढला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो अमेरिकेत आला. आमच्या बडोद्यापर्यंत तेव्हा तो पोचलाच नाही. आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे गेम मिळायचे, त्यांच्या कार्ट्रिजमध्ये मारिओ असायचा, कॉन्ट्रा असायचा. सेव्ह करून ठेवायचे, महिनाभर पुरवून खेळायचे, गोष्ट सांगणारे गेम त्यात नसायचेच. आपली अख्खी पिढी या प्रकाराला मुकली, आणि ते भरून काढायला हा गेम सगळ्यात चांगला आहे.

फायनल फँटसीचे जनक हिरोनोबू साकागुची, ड्रॅगन क्वेस्टचे युजी होरी आणि ड्रॅगन बॉल काढणारे अकिरा तोरियामा हे तिघे या एका गेमसाठी एकत्र आले. फायनल फँटसी स्क्वेअरचा आणि ड्रॅगन क्वेस्ट एनिक्सचा, म्हणजे दोन्ही कंपन्या तेव्हा एकमेकींच्या स्पर्धक. हे तिघे एका टेबलावर बसले हीच मुळात मोठी गोष्ट होती.

तरीही पहिल्या तासात सोडून देणारे खूप भेटतात. त्यांना फोनवरच्या गेमची सवय असते. बाण दाखवेल तिकडे पळायचं, बटण दाबत संवाद पुढे ढकलायचे, बक्षीस उचलायचं. इथे बाण नाही. कुठे जायचं, काय करायचं, ते माणसं सांगतात. म्हणून माझं मुख्य सांगणं एकच: रेंगाळा. या गेममधलं जे जे उत्तम आहे ते रेंगाळणाऱ्याच्याच हाती लागतं.

कुठला घ्यायचा

आज तो अँड्रॉइडवर, आयफोनवर आणि संगणकासाठी स्टीम या ऑनलाइन दुकानात रीतसर विकत मिळतो. मोठ्या पडद्यावर खेळता आला तर तसाच खेळा. आमच्याकडे भाच्याने त्याचा लॅपटॉप टीव्हीला जोडून दिलाय, कंट्रोलरही त्याचाच. २०१८च्या फेब्रुवारीत गेम स्टीमवर आला तेव्हा चित्रं गुळगुळीत करून बिघडवली अशी ओरड झाली होती. कंपनीने मग अपडेटमधून मूळ चित्रांचा पर्याय दिला. सेटिंगमध्ये जाऊन ग्राफिक्स आधी 'ओरिजिनल' करून घ्या. ती माणसं जाड ठिपक्यांतच शोभतात.

इंग्रजीची धास्ती वाटत असेल तर वाटून घेऊ नका. या आवृत्त्यांमध्ये २००८मध्ये निंटेंडो डीएस या हातात धरायच्या गेमयंत्रासाठी नव्याने केलेलं भाषांतर वापरलंय आणि ते सरळ आहे. १९९५च्या इंग्रजीत बेडकाचं पात्र जुन्या दरबारी थाटात बोलायचं, आता ते साधं बोलतं. आठवी-नववीतल्या मुलाला सहज झेपेल.

जत्रेत घाई करू नका

गोष्ट कालप्रवासाची आहे आणि सुरू होते इसवी सन १०००मध्ये, गार्डिया राज्याच्या हजाराव्या वर्षाच्या जत्रेत. आई नायकाला, क्रोनोला, झोपेतून उठवते. तिच्याशी पुन्हा बोललात तर खर्चायला पैसेही देते. बाहेर पडलं की जत्रा. इथे बहुतेक जण काय करतात, तर क्रोनोच्या मैत्रिणीचं, लुकाचं, यंत्र उत्तरेला आहे हे कळल्याबरोबर तिकडे धावतात. नका धावू. अर्धा तास जत्रेतच घालवा. गाणं म्हणत मारामारीला बोलावणारा गॅटो नावाचा यंत्रमानव आहे, त्याला हरवलंत की सिल्व्हर पॉइंट मिळतात. शर्यती आहेत, सोडा पिण्याची पैज आहे. एका लहान मुलीची मांजर हरवलीय. मांजरीशी बोललात की ती तुमच्या मागे येते, तिला मुलीपर्यंत न्या. एका म्हाताऱ्याचं जेवण पडलंय, ते खाता येतं. खायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि एका मुलीशी तुमची टक्कर होते. ती पडते, तिचं लॉकेट दूर उडतं. आधी कुणाकडे जाल? मुलीची चौकशी कराल की लॉकेट उचलाल? पुढे ती मिठाई घेताना रेंगाळते, तेव्हा शांत उभे राहाल की निघून जाल? पडद्यावर कुठे गुण मिळत नाहीत, घंटा वाजत नाही. पण काही तासांनी एक प्रसंग येतो आणि तुम्ही जत्रेत केलेली एकेक गोष्ट तुमच्यापुढे मांडली जाते. तो प्रसंग कुठला ते मी सांगणार नाही. माझ्या भाच्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. १९९५च्या गेमने, तोही ३२ मेगाबिटच्या म्हणजे अवघ्या ४ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये, खेळणाऱ्याचं वागणं असं लक्षात ठेवावं याचं मला अजून नवल वाटतं.

एक सवय इथेच लावून घ्या. गावात प्रत्येकाशी दोनदा बोला आणि गोष्ट पुढे सरकली की परत येऊन पुन्हा बोला. लोकांची वाक्यं बदलतात.

लढाई

शत्रू इथे समोर दिसतात आणि जिथे गाठ पडते तिथेच लढाई होते. काहींना वळसा घालून टाळताही येतं. सुरुवातीला गेम विचारतो, 'ॲक्टिव्ह' की 'वेट'. नवीन असाल तर बिनदिक्कत 'वेट' घ्या. त्यात तुम्ही टेकच्या (पात्रांच्या खास वारांच्या) किंवा वस्तूंच्या यादीत शोधत असता तेव्हा वेळ थांबतो, वाचायला सवड मिळते. ते 'ॲक्टिव्ह'पेक्षा कमीपणाचं मुळीच नाही.

शत्रू जागेवर उभे राहत नाहीत, इकडेतिकडे सरकत असतात. क्रोनोचा 'सायक्लोन' आसपासच्या सगळ्यांना लागतो, म्हणून ते घोळक्यात येईपर्यंत एक-दोन क्षण थांबा. पाळी आली हे दाखवणारे दोघांचे पट्टे एकाच वेळी भरलेले असतील तर त्यांचा मिळून वार होतो. क्रोनो आणि लुकाचा 'फायर व्हर्ल' लवकरच मिळतो, तो वापरून बघा. तिघांचे मिळून वारही पुढे येतात. टेक शिकायला लागणारे पॉइंट फक्त लढणाऱ्या तिघांना मिळतात, बाहेर बसलेल्यांना नुसते अनुभवाचे गुण. म्हणून आवडते तिघे धरून बसू नका, माणसं फिरवत राहा.

बॉस, म्हणजे मोठा शत्रू, काय बोलतो ते वाचा. हेकरान नावाचा राक्षस एका गुहेत भेटतो. लढता लढता तो तुम्हाला हल्ला करायचं आव्हान देतो आणि त्या वेळी मारलंत तर लाटेने झोडपून काढतो. हात आवरायचा, तो पुन्हा सरसावला की मग मारायचं. डायनोसॉरच्या काळात विजेचा वार आधी केला तर त्यांचा बचाव ढिला पडतो. बहुतेक लढायांची किल्ली अशी संवादांत किंवा आजूबाजूच्या माणसांच्या बोलण्यात असते. नुसतं लेव्हल वाढवत बसायची वेळ जवळजवळ येतच नाही.

जगाच्या नकाशावर कुठेही सेव्ह करता येतं. गुहेत किंवा किल्ल्यात शिरण्याआधी तिथे सेव्ह करत चला, आत ठराविक चमकत्या जागीच सोय असते.

हेडफोन लावा

आता माझा विषय. मी बडोद्यात सूरसागर तलावासमोरच्या संगीत महाविद्यालयात शिकले. गायक मौलाबक्षांनी १८८६मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने सुरू केलेली गायनशाळा ती हीच. तिथे ऐकायला शिकवलं, आणि त्या कानांनी मी सांगते की या गेमचं संगीत पार्श्वभूमीला सोडून देण्यासारखं नाही.

यासुनोरी मित्सुदा तेव्हा विशीतला होता. स्क्वेअरमध्ये ध्वनीच्या तांत्रिक कामावर होता, स्वतःचं संगीत द्यायला मिळत नव्हतं. चाली करायला द्या नाहीतर नोकरी सोडतो, असं त्याने साकागुचींना सांगितलं आणि त्यांनी हा गेम त्याच्या हाती दिला. काम करता करता त्याच्या पोटात अल्सर झाले. उरलेल्या चाली फायनल फँटसीचे संगीतकार नोबुओ उएमात्सूंनी पूर्ण केल्या. त्याच्याजवळ साधनं किती, तर एका वेळी आठ आवाज आणि ध्वनीसाठी ६४ किलोबाइट जागा. एवढ्यात त्याने प्रत्येक काळाला स्वतःचा सूर दिला.

इसवी सन ६००मध्ये पहिल्यांदा नकाशावर पाऊल टाकाल तेव्हा कंट्रोलर खाली ठेवा आणि चाल पूर्ण एकदा ऐका. मग गार्डियाच्या जंगलात जाऊन तिथली ऐका. इसवी सन पूर्व १२०००मध्ये ढगांच्या वर पोचाल तिथे सतारीची आठवण करून देणारा एक आवाज लागतो. त्या चालीवर माझ्या मोठ्या विद्यार्थ्यांनी पेटी आणि तबला घेऊन बसायचा हट्ट धरला होता, मी धरू दिला. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्यांना एक सूचना: नवरात्रात हा गेम सुरू करू नका. गरब्याच्या स्पीकरपुढे कुठलाही हेडफोन टिकत नाही. उत्तरायण झाल्यावरचे दिवस उत्तम. पतंग उतरलेले असतात, संध्याकाळी गारवा असतो.

शेजारी कोणाला तरी बसवा

माझी आई गेम खेळत नाही. पण मी संवाद मोठ्याने मराठीत वाचून दाखवते आणि ती भाजी निवडत ऐकते. बेडकाच्या पात्राला भाच्याने बंडू नाव ठेवलंय, पात्रांची नावं बदलता येतात. बंडू आधी माणूस होता, एका शूराचा सोबती होता, हे कळल्यापासून आई रोज विचारते, "आज बंडूचं काय?" तिच्यासाठी वाचायचं म्हणून मीही एकेक वाक्य नीट वाचते, आणि त्यामुळे गोष्टीतले दुवे सुटत नाहीत. कोणी तयार असेल तर असंच खेळा.

आईला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. वाचली तरी खेळताना तिचा रस कमी होणार नाही. इसवी सन १०००मधल्या पोर गावचा प्रमुख भलता लोभी आहे, तुमच्या हक्काची एक वस्तू दाबून बसलाय आणि काही केल्या देत नाही. त्या काळातल्या एका खानावळीत सुकवलेलं मांस ९,९०० 'जी' (गेममधलं चलन) देऊन मिळतं. ते घेऊन ६००मध्ये त्याच गावातल्या घरी जा. तिथली बाई त्याचे १०,००० देऊ करते. घेऊ नका, तसंच द्या. मुलांनाही असंच उदार व्हायला शिकवीन, असं ती म्हणते. मग १०००मध्ये परत या. तोच प्रमुख हसतमुख झालेला असतो आणि वस्तू आपणहून हातात ठेवतो. चारशे वर्षं आधीच्या एका खणखणीत चांगुलपणाने अख्खं घराणं सुधारलं. आई म्हणाली, "बघ, पणजीने शिकवलेलं." कालप्रवास इथे असा कामाला येतो.

अडलात तर

लगेच फोन उचलून उत्तर शोधू नका. गेममध्ये 'काळाचं टोक' नावाची जागा आहे, तिथे दिव्याखाली एक म्हातारा उभा असतो, त्याच्याशी बोला. शेवटच्या टप्प्यात गेम तुम्हाला मोकळं सोडतो, तेव्हा कुठे काय राहिलंय याचे इशारे तोच देतो. त्यातलं प्रत्येक काम करा, विशेषतः वाळवंटाच्या जागी जंगल उभं करायचं. तिथे तुमच्यातल्या रोबो या यंत्रमानवाला मागे ठेवावं लागतं. का ते करूनच बघा. एक मात्र आधीच सांगून ठेवते, कारण ते कोणाला सहसा सुचत नाही: लॉकेटने उघडणाऱ्या काळ्या पेट्या ६००मध्ये दिसल्या की त्यातली वस्तू लगेच काढू नका. गेम विचारेल तेव्हा नाही म्हणा, तीच पेटी १०००मध्ये उघडा, वस्तू सुधारलेली मिळेल. मग मागे जाऊन मूळ वस्तूही घ्या.

पहिल्यांदा खेळायला साधारण वीस-पंचवीस तास लागतात. संपल्यावर 'न्यू गेम प्लस' निवडा. हत्यारं आणि लेव्हल तशीच राहतात आणि शेवटच्या शत्रूला कधी गाठता त्यावर शेवट बदलतो, डझनभर तरी शेवट आहेत. या फेरीत जत्रेतल्या लुकाच्या यंत्राच्या दोन टेलिपॉडपैकी उजवीकडच्यात शिरलात की थेट त्याच्यासमोर पोचता. आत पाऊल टाकण्याआधी वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह करून ठेवा.