जुन्या गाडीला टर्बो लावताय? इग्निशन निवडताना या चुका टाळा

पद्मिनी, कॉन्टेसा, कार्ब्युरेटरवाली जिप्सी. अशा डेल्कोच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) गाडीला टर्बो लावायचं ठरलं की पहिला खर्च होतो तो जोरदार ठिणगीवर: मोठी कॉइल, जाड वायरी, सीडीआय बॉक्स (कपॅसिटरमधून ठिणगी देणारा). ठिणगी जोरदार हवीच. पण ठिणगी कमजोर असेल तर गाडी मिसिंग मारते, एवढंच. बूस्टवर (टर्बो हवा दाबून भरत असताना) टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, दहा अंश जास्त पुढे (लवकर) राहिलं तर पिस्टनच्या दोन रिंगांमधली भिंत तुटते आणि इंजिन खोलावं लागतं. म्हणून काहीही विकत घेण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हातात हवं: बूस्ट वाढेल तसं टायमिंग मागे कोण घेणार?

चूक: अख्खा डेल्को फिरवून टायमिंग मागे घेणं

डेल्कोला बूस्ट कळत नाही. त्यातली वजनं आरपीएमनुसार उघडतात, व्हॅक्यूमचा डायफ्राम सक्शननुसार हलतो. मग नट सैल करून डेल्को ८ अंश मागे फिरवला जातो. नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून होणारी ठकठक) थांबतं, पण आयडलला आणि बूस्ट नसतानाही टायमिंग तेवढंच मागे राहतं. गाडी मरगळते, पेट्रोल जास्त पिते, आणि मिश्रण उशिरा जळत असल्याने एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लालभडक होतं. ती सगळी उष्णता टर्बोच्या अंगावर येते.

टायमिंग फक्त बूस्टवर मागे यायला हवं. सुरुवातीला दर १ पीएसआयमागे १ ते १.५ अंश धरा. बूस्टशिवाय पूर्ण थ्रॉटलला एकूण ३२ अंश घेणारं इंजिन ७ पीएसआयवर, म्हणजे साधारण अर्ध्या बारवर, २२ ते २५ अंशांवर यावं. साध्या पेट्रोलवर खालचाच आकडा धरा. बूस्ट ५-६ पीएसआयपर्यंतच ठेवणार असाल तर बूस्टप्रमाणे टायमिंग मागे घेणारा बॉक्स पुरतो. त्यापुढे आमचं मत स्पष्ट आहे: मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असलेलं प्रोग्रॅमेबल इग्निशन घ्या. सेन्सर किमान २ बारचा हवा. १ बारचा सेन्सर वातावरणाच्या दाबाशीच थांबतो, त्याला बूस्ट दिसतच नाही.

चूक: व्हॅक्यूमच्या नळीत वन-वे व्हॉल्व टाकून निश्चिंत होणं

डायफ्राम सक्शनसाठी बनलेला असतो. त्यावर रोज बूस्टचा दाब आला तर तो फाटतो, आणि पेट्रोलमिश्रित हवा डेल्कोच्या आत, ठिणगीपाशी पोचते. म्हणून नळीत वन-वे व्हॉल्व बसवतात. दाब अडतो, पण आधीचं सक्शनही नळीत कोंडून राहतं. क्रूझवर मिळालेला १०-१२ अंशांचा अ‍ॅडव्हान्स मग बूस्ट आला तरी उतरत नाही, म्हणजे नको तेव्हाच टायमिंग पुढे. तपासायला सोपं आहे: हातपंपाने व्हॉल्वच्या पलीकडून सक्शन द्या, पंप काढा आणि डेल्कोची प्लेट जागेवर परतते का ते पाहा. परतत नसेल तर नळीला बारीक ब्लीड (सक्शन सोडणारं भोक) हवं. प्रोग्रॅमेबल इग्निशन लावलं असेल तर डायफ्राम काढून प्लेट पक्कीच करा.

चूक: मिसिंगला लीन समजून पेट्रोल वाढवणं

यात सर्वात जास्त वेळ वाया जातो. सिलिंडरमधला दाब वाढला की प्लगच्या गॅपमधून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल ते देऊ शकली नाही की ठिणगी विझते. गाडी ४ पीएसआयपर्यंत साफ चालते आणि पुढे फटफट करत अडखळते. न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो, आणि वाइडबँड सेन्सर ऑक्सिजनच मोजत असल्याने गेजवर लीन (पेट्रोल कमी) दिसतं. मग कार्ब्युरेटरचा जेट मोठा केला जातो, प्लग भिजतात, मिसिंग आणखी वाढते.

आधी गॅप तपासा. १.१ मिमी असेल तर फिलर गेजने ०.७ करा आणि त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये पुन्हा चालवा. मिसिंग गेली किंवा पुढच्या बूस्टवर सरकली, तर दोष ठिणगीचा होता. ०.६ च्या खाली जावं लागत असेल तर कॉइल बदला. गॅप आणखी कमी केला तर आयडल बिघडतो.

प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) घ्या. वाढलेल्या दर ७५ ते १०० अश्वशक्तीमागे एक पायरी, असा एनजीकेचा ठोकताळा आहे. आकडे नीट वाचा: एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये उलट. बीपीआर६ईएस असेल तर बीपीआर७ईएस.

कॉइल, सीबी पॉइंट आणि बॉक्स

चार सिलिंडर, ६००० आरपीएम म्हणजे सेकंदाला २०० ठिणग्या, प्रत्येकीला ५ मिलिसेकंद. त्यातले ६० टक्के, म्हणजे जेमतेम ३ मिलिसेकंद, सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी टोकं) बंद असतात. कॉइल तेवढ्यात पूर्ण भरत नाही. कमी ओहमची कॉइल लावली तर करंट वाढून पॉइंट जळतात. म्हणून टर्बोवर सीबी पॉइंट ठेवूच नका. सीडीआय बॉक्सची ठिणगी तीव्र पण क्षणभराची असते, आणि त्याची अनेक ठिणग्यांची सोय साधारण ३००० आरपीएमपर्यंतच चालते. बॉक्सची पॉवर थेट बॅटरीवरून, रिलेमधून घ्या. वायरी रेझिस्टन्सवाल्याच हव्यात. नुसत्या तांब्याच्या वायरींचा गोंगाट इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिरतो आणि सिग्नल चुकतात.

चूक: रोटर कुठे आहे ते न पाहणं

टायमिंग बाहेरचा कंट्रोलर ठरवत असेल आणि ठिणगी डेल्कोतूनच वाटली जात असेल, तर ठिणगी पडताना रोटर (डेल्कोत फिरून ठिणगी पोचवणारा भाग) कॅपच्या टर्मिनलसमोर असेलच असं नाही. क्रँकवर १० ते ३५ अंश बदल म्हणजे डेल्कोत साडेबारा अंश. रोटर दोन टर्मिनलच्या मध्ये सापडला तर ठिणगी सोपी वाट धरते: बूस्टने दाबलेला सिलिंडर सोडून शेजारच्यात जाते. जुन्या कॅपला एक नंबरच्या टर्मिनलजवळ १५ मिमीचं भोक पाडा, टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) एक नंबरच्या वायरला लावा आणि त्या भोकातून रोटरची पितळी पट्टी पाहा. किमान आणि कमाल, दोन्ही टायमिंगला ती टर्मिनलसमोरच दिसायला हवी. कॅपमध्ये काळी बारीक रेघ दिसली तर कॅप फेका.

जमत असेल तर डेल्कोतून वाटणीच काढून टाका. फोर्डच्या ईडीआयएस या डेल्कोविना इग्निशनमध्ये क्रँकवर ३६ उणे १ दातांचं चाक आणि चार सिलिंडरसाठी दोन जोड-कॉइल असतात. एक नंबरच्या टीडीसीआधी (पिस्टन सर्वात वर पोचण्याआधी) ९० अंशांवर गहाळ दात सेन्सरसमोर यावा लागतो. कंट्रोलरची वायर तुटली तर ईडीआयएस १० अंशांवर अडकतं. गाडी चालत राहते पण जोर जातो आणि एक्झॉस्ट तापतो, तेव्हा आधी ती वायर पाहा. चाक पुलीच्या बाहेरच्या कड्यावर लावू नका. आतलं रबर जुनं झालं की कडं सरकतं आणि टायमिंग लाइट खोटं बोलते. एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप घाला, क्रँक हाताने दोन्हीकडे अडेपर्यंत फिरवा आणि पुलीवर दोन खुणा करा. त्यांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. मग कंट्रोलर १० अंशांवर लॉक करून टायमिंग लाइटने ते १० अंश जुळवा. हे झाल्याशिवाय बूस्ट देऊ नका.

पहिली चाचणी ३ पीएसआयवर करा, मग प्लग काढून चिनी मातीचा भाग भिंगाखाली पाहा. मिरपूड उडाल्यासारखे काळे ठिपके किंवा अ‍ॅल्युमिनियमचे चकाकते कण दिसले तर नॉकिंग झालेलं आहे, कानाला ऐकू आलं नसलं तरी. २ अंश मागे घ्या, नवे प्लग लावा आणि पुन्हा ३ पीएसआयपासून सुरू करा.