सोसायटीच्या सोलरमधून वस्तीसाठी मदतनिधी कसा उभारावा

ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा नवी मुंबईत खारघर-नेरुळला बऱ्याच सोसायट्यांच्या गच्चीवर आता सोलर पॅनेल दिसतात. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचं बिल कमी येतं, पण वाचलेले पैसे मेंटेनन्समध्ये कधी विरघळून जातात ते कळतही नाही. त्यातला थोडा हिस्सा आजूबाजूच्या वस्तीसाठी बाजूला ठेवता येतो.

सुरुवात हिशोबापासून करा. एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट वीज देतं. म्हणजे २० किलोवॅटवर वर्षाला साधारण २९,००० युनिट. पावसाळ्यात हा आकडा बराच खाली येतो, म्हणून नुसत्या मे महिन्याचं बिल बघून हुरळून जाऊ नका. सोलर बसवायच्या आधीच्या वर्षाची महावितरणची बाराही बिलं काढा आणि आताच्या त्याच महिन्याच्या बिलाशेजारी ठेवा. रुपयांपेक्षा युनिटची तुलना करा, कारण दर बदलत असतात. नेट मीटरिंगमुळे दुपारची जास्तीची वीज ग्रीडमध्ये जाते आणि बिलातून वळती होते. तेव्हा रोख रक्कम हातात येत नाही, फक्त बिल घटतं. निधीचे पैसे आपणच दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकले नाहीत, तर ते उरत नाहीत.

अजून सोलर बसवलं नसेल, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. अर्ज करताना सध्याचे नियम पोर्टलवर पाहून घ्या.

मग रक्कम ठरवा. स्कॉटलंडमध्ये पवनचक्क्यांच्या प्रकल्पांनी दर मेगावॅटमागे वर्षाला ५,००० पौंड स्थानिक लोकांच्या निधीला द्यावेत, असा सरकारी मार्गदर्शक संकेत आहे. रक्कम क्षमतेशी बांधलेली असते, त्यामुळे यंदा किती द्यायचं हा वाद दरवर्षी नव्याने होत नाही. मला ही पद्धत फार पटते. आपण किलोवॅटमागे १,००० रुपये ठरवले, तर २० किलोवॅटचे २०,००० होतात. पण आधी कर्जाचा हप्ता, पॅनेल धुण्याचा खर्च आणि इन्व्हर्टर बदलण्याची तजवीज. पॅनेल २५ वर्षं चालतात, इन्व्हर्टर तेवढा टिकत नाही.

सोसायटीचा पैसा बाहेर द्यायला सहकार कायद्याच्या मर्यादा आहेत, म्हणून ऑडिटरचा सल्ला आधी घ्या आणि मगच ३० सप्टेंबरपूर्वीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव मांडा. सभासदांचा विरोध असेल तर रेटू नका. ज्यांना द्यायचे आहेत त्यांच्याकडून ऐच्छिक वर्गणी घेणं केव्हाही चांगलं.

मदत कुणाला, हे ठरवायला पाच जणांची समिती पुरे. तिच्यात सोसायटीच्या मॅनेजिंग कमिटीबाहेरचे दोघं आणि एखादी शिक्षिका असावी. अर्ज एका पानाचा, मराठीत, हाताने लिहिलेलाही चालेल असा ठेवा. येऊरच्या पाड्यातल्या मुलांच्या वह्या, जवळच्या अभ्यासिकेतले पंखे, घरकाम करणाऱ्या मावशींच्या मुलीची परीक्षा फी अशी कामं घ्या. पैसे शक्यतो थेट दुकानदाराला किंवा शाळेला द्या आणि पावती फाइलला लावा. मदत घेणाऱ्याचं नाव मात्र फलकावर लावू नका. फलकावर फक्त किती युनिट तयार झाली, किती रुपये जमा झाले आणि किती खर्च झाले, एवढंच दर तीन महिन्यांनी लिहा.