आईवडिलांना अमेरिकेला पाठवताना बिझनेस क्लासचे तिकीट कसे निवडावे

मुंबईहून न्यूयॉर्कला एका थांब्याने जाणाऱ्या वयस्कर माणसांसाठी बिझनेस क्लासचे तिकीट काढताना आपण पैसे कशासाठी मोजतो आहोत, हे आधी पक्के करावे. सत्तरीतल्या माणसाला पाठ टेकून सपाट झोपता येणे आणि रात्री कोणाचीही झोप न मोडता उठून जाता येणे, या दोन गोष्टी मिळाल्या तर तो खर्च सार्थकी लागतो. म्हणून कोणती विमान कंपनी चांगली, या प्रश्नाने सुरुवात करू नये. लांबच्या टप्प्यावर कोणते विमान येणार आहे आणि त्याची आसनरचना कशी आहे, हे आधी पाहावे. एकाच कंपनीच्या दोन विमानांतला फरक पुष्कळदा दोन कंपन्यांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो.

एमिरेट्सचेच पाहा. तिच्या ए३८० विमानात वरच्या मजल्यावरचा बिझनेस क्लास १-२-१ असा असतो, म्हणजे एका रांगेत दोन्ही खिडक्यांशी एकेक आणि मध्ये दोन आसने असतात आणि प्रत्येक जागेला थेट वाट मिळते. पण नूतनीकरण न झालेल्या बोइंग ७७७ मध्ये तोच वर्ग २-३-२ असतो आणि मधल्या जागेवरच्या प्रवाशाला दोन्हीकडे शेजारी असतात. कतार एअरवेजने २०१७ मध्ये आणलेली, सरकते दार असलेली क्यूस्वीट ही जागा उत्तमच आहे. मात्र त्या कंपनीच्या ए३८० मध्ये ती नाही. एअर इंडियाच्या २०२४ मध्ये सेवेत आलेल्या ए३५० मध्ये दार असलेल्या २८ जागा १-२-१ रचनेत आहेत, तर तिच्या जुन्या ७७७-३००ईआर विमानांत रचना २-३-२ आहे. ब्रिटिश एअरवेजने २०१९ मध्ये क्लब स्वीट आणली, पण जुनी रचना सर्व विमानांतून एकाच वेळी गेली नाही.

ही आकडेमोड मी एका रात्रीमुळे शिकलो. आईला पहिल्यांदा बिझनेस क्लासने पाठवले, तेव्हा कंपनीचे नाव पाहून निर्धास्त झालो आणि २-२-२ रचनेत तिला मुद्दाम खिडकी घेऊन दिली. शेजारचे गृहस्थ जेवण होताच आसन सपाट करून झोपले. त्यांचे पाय ओलांडून जायचे कसे, आणि झोपलेल्या परक्या माणसाला उठवायचे तरी कसे, या संकोचात ती पहाटेपर्यंत स्वच्छतागृहाकडे गेलीच नाही. पाणी पिणेही तिने बंद केले. हे तिने मला चार दिवसांनी, तेही सहज बोलता बोलता सांगितले. तेव्हापासून १-२-१ नसेल तर मी वयस्कर माणसासाठी वाटेकडचीच जागा घेतो.

पैसे भरण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या तारखेचा सीट मॅप, म्हणजे आसनांचा नकाशा, उघडून एका रांगेतल्या जागा प्रत्यक्ष मोजाव्यात. १-२-१ असली तरी सगळ्या जागा सारख्या नसतात. पुष्कळ आसनांमध्ये पाय पुढच्या आसनाखालच्या अरुंद कप्प्यात जातात आणि गुडघे दुखणाऱ्याला कूस बदलणे जड जाते. कक्षाच्या अगदी पहिल्या रांगेत ही जागा बहुधा ऐसपैस असते. क्यूस्वीटमध्ये ए आणि के या खिडकीलगतच्या जागांचे तोंड विमानाच्या शेपटीकडे असते, तर बी आणि जे या जागा पुढे तोंड करून, वाटेच्या बाजूला असतात. उलट्या दिशेने बसून ज्यांना गरगरते, त्यांच्यासाठी बी किंवा जे घ्यावी. कंपनी विमान बदलू शकते, म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी आणि आदल्या दिवशी सीट मॅप पुन्हा पाहावा.

बजेट ताणलेले असेल तर कतार एअरवेजचा मुंबई-दोहा हा सुमारे चार तासांचा टप्पा इकॉनॉमीने आणि पुढचा सुमारे चौदा तासांचा टप्पा बिझनेसने, असे मिश्र तिकीट मिळते का, हे एजंटला विचारावे. स्वस्त दिसणाऱ्या बिझनेस भाड्याच्या अटीही नीट वाचाव्यात. कतारच्या लाइट आणि एमिरेट्सच्या स्पेशल या भाड्यांमध्ये लाउंज धरलेला नसतो, आणि मध्ये पाच तासांचा थांबा असेल तर म्हातारपणी ती उणीव फार जाणवते. इतिहादने अबू धाबीमार्गे जाण्याचा एक वेगळा फायदा आहे. तिथे २०१४ पासून अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी विमानात बसण्यापूर्वीच होते, त्यामुळे चौदा तासांच्या थकव्यानंतर अधिकाऱ्याच्या प्रश्नांना सामोरे जावे लागत नाही. एकट्याने जाणाऱ्या आईसाठी मी या सोयीला मऊ गादीपेक्षा अधिक महत्त्व देईन.

जेवणाबाबत केवळ शाकाहारी म्हणून थांबू नये. विमान कंपन्या जेवणाच्या प्रकारांसाठी चार अक्षरी संकेत वापरतात; त्यांतल्या व्हीएलएमएल या संकेताच्या जेवणात दुधाबरोबर अंडेही चालते. अंडे वर्ज्य असेल तर भारतीय पद्धतीच्या शाकाहारासाठी एव्हीएमएल आणि कांदा-लसूण, कंदमुळे नको असतील तर व्हीजेएमएल सांगावे. ही नोंद किमान २४ तास आधी आणि प्रत्येक टप्प्यासाठी स्वतंत्रपणे झाली आहे का, ते तपासावे. पहिल्या विमानात जेवण बरोबर आले आणि दुसऱ्यात नाही, असे होऊ शकते. कतारच्या बिझनेस क्लासमध्ये हवे तेव्हा जेवण मागवता येते, हे आईवडिलांना आधी सांगून ठेवावे, नाहीतर ट्रे येण्याची वाट पाहत ते जागे राहतात. कोरड्या हवेत आणि कमी दाबात मीठ-साखरेची चव मंदावते, तेव्हा भातावर घालायला मेतकुटाची छोटी पुडी पर्समध्ये असू द्यावी.

व्हीलचेअर सांगतानाही संकेत महत्त्वाचा आहे. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिने चढू शकणारा प्रवासी आणि डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिने चढू न शकणारा. विमान टर्मिनलपासून दूर उभे असेल आणि बसने जाऊन जिना चढावा लागला, तर गुडघ्यांच्या दुखण्यात हा फरक निर्णायक ठरतो.

शेवटी एका जाड कागदावर दोन्ही टप्प्यांचा आसनक्रमांक, जेवणाचा संकेत आणि व्हीलचेअरची नोंद ठळक मराठीत लिहून, संकेत मात्र इंग्रजी अक्षरांत ठेवून, तो पासपोर्टमध्ये ठेवावा. चेक-इन काउंटरवर बोर्डिंग पास हातात येताच त्यावरचा क्रमांक या कागदाशी जुळतो का, ते तिथेच पाहावे, आणि जुळत नसेल तर सामान पट्ट्यावरून पुढे जाण्यापूर्वीच विचारावे.