दाराच्या चौकटीचा कुजलेला पाय: लांबी (पुट्टी) भरून टिकत नाही

वडोदऱ्यात पावसाळा सरला की बाहेरच्या दाराची बाही, म्हणजे चौकटीचा उभा खांब, तळाशी काळी पडायची. पेचकस टोचला की ओल्या भुशासारखा चुरा. लांबी भरली, एम-सील लावलं, दोन्ही सुटलं. आतलं लाकूड ओलं, चिकटणार कशाला? फार वैताग आला.

शेवटी टिकलं ते असं. पेचकस टोचत वर जा. लाकूड टणक लागलं की त्याच्या 2 इंच वर तिरका काप घ्या, उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे सांध्यात पाणी थांबत नाही. आठवडाभर सुकू द्या. मुरलेल्या सागाचा त्याच मापाचा तुकडा घ्या, पण फरशीपासून 5 मिमी वर ठेवा. तळाच्या कापाला बसवण्याआधीच प्रायमरचे दोन हात द्या. पाणी मुख्यतः लाकडाच्या रेषांच्या कापलेल्या टोकातून चढतं. सांध्याला इपॉक्सी गोंद, आधी भोक पाडून स्टेनलेसचे दोन स्क्रू. खालच्या फटीत पॉलियुरेथेन सीलंट, मग ऑइलपेंट.