'युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट': नाव कसं वाचायचं, मराठीत कसं उतरवायचं

अमेरिकेतल्या मुलाकडून नातवाच्या बाप्तिस्म्याचा दाखला ठाण्यात नाहीतर ऐरोलीत येतो. त्यावर छापलेलं असतं 'युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट', अमेरिकेतल्या एका प्रोटेस्टंट पंथाचं नाव. इथल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, रजिस्टरात ते मराठीत लिहायची वेळ आली की कुणी 'ख्रिश्चन युनियन' लिहितं, कुणी 'युनिटेरियन'. दोन्ही चूक. दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण युनिटेरियन त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मानत नाहीत.

आधी दाखल्यावरचं पूर्ण नाव जसंच्या तसं देवनागरीत लिहून घ्या आणि स्थानिक मंडळीचं नाव पंथाच्या नावापासून वेगळं काढा. शिकागोच्या 'ट्रिनिटी युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट'मध्ये 'ट्रिनिटी' तेवढं त्या मंडळीचं, पुढचे चार शब्द पंथाचे. ही फोड केली नाही तर काय होतं, ते ठाण्यातच दिसतं. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चचं नाव वाचून ते बाप्टिस्ट पंथाचं असेल असं सहज वाटतं. ते कॅथलिक आहे. 'बाप्टिस्ट' म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान, संताची ओळख. पंथाशी त्याचा संबंध नाही.

आता पंथाचे शब्द शेवटापासून वाचा. 'क्राइस्ट' म्हणजे ख्रिस्त. इथे 'ख्रिस्ती' लिहू नका. ख्रिस्ती हे माणसांचं विशेषण झालं, आणि इथे सांगायचंय की मंडळी ख्रिस्ताची आहे, कुणा संस्थापकाची किंवा देशाची नाही. 'चर्च' म्हणजे इमारत नव्हे, मंडळी. 'युनायटेड' म्हणजे संयुक्त, वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन झालेली. मिळून 'ख्रिस्ताची संयुक्त मंडळी'. रजिस्टरात मात्र मूळ नावच देवनागरीत ठेवा आणि हा अर्थ शेऱ्याच्या रकान्यात लिहा. नुसतं भाषांतर लिहिलं तर पुढे दाखला आणि नोंद जुळत नाही.

'संयुक्त' हा शब्द या नावाचा जीव आहे. २५ जून १९५७ रोजी ओहायोतल्या क्लीव्हलंडमध्ये काँग्रिगेशनल ख्रिश्चन चर्चेस आणि इव्हँजेलिकल अँड रिफॉर्म्ड चर्च एक झाले. हे दोघेही आधीच्या ऐक्यातून आलेले, पहिला १९३१ चा, दुसरा १९३४ चा. म्हणजे एका नावात चार प्रवाह. बोधवाक्य योहान १७:२१ मधलं: 'त्या सर्वांनी एक व्हावे.' मराठी माणसाला हे परकं वाटू नये. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी याच काँग्रिगेशनल घराण्याचे. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या १९२४ साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. घर एकच, अंगणं दोन.

नावं जवळची असल्यामुळे गल्लत होते ती अशी. 'चर्चेस ऑफ क्राइस्ट' ही वेगळी परंपरा. तिच्या बहुतेक मंडळ्यांत उपासनेत वाद्यं वाजत नाहीत. 'युनायटेड चर्च ऑफ कॅनडा' १९२५ चं, 'युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट इन द फिलिपिन्स' १९४८ चं, दोन्ही स्वतंत्र. म्हणून शेवटचा शब्द आणि देश न तपासता शिक्का मारू नका. दाखल्यावर पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा झाल्याचं लिहिलंय का, तेही बघा. नसेल तर तिकडच्या पाळकांकडून तसं पत्र मागवून ठेवा.

या पंथाला 'मेनलाइन' म्हणतात. आपल्याला लगेच ठाणं मेन लाइनवर आणि वाशी हार्बरवर आठवते, आणि गंमत म्हणजे हा शब्द फिलाडेल्फियाजवळच्या जुन्या रेल्वेमार्गावरून आला असं सांगतात. मराठीत 'मुख्य प्रवाहातील जुने प्रोटेस्टंट' लिहा. 'सर्वांत मोठा' असा अर्थ काढू नका. अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट पंथ सदर्न बाप्टिस्ट, आणि तो मेनलाइनमध्ये धरत नाहीत.

या पंथाला 'पुरोगामी'ही म्हणतात, आणि ते विशेषण कमावलेलं आहे. काँग्रिगेशनल मंडळीने १८५३ मध्ये अँटोनेट ब्राउन या स्त्रीला पाळकपदाची दीक्षा दिली. १९७२ मध्ये उघडपणे समलिंगी असलेल्या विल्यम जॉन्सन यांना दीक्षा मिळाली, २००५ मध्ये जनरल सिनॉडने, म्हणजे पंथाच्या राष्ट्रीय प्रतिनिधी सभेने, समलिंगी विवाहाच्या समान हक्काला पाठिंबा दिला. पण सिनॉडचा ठराव स्थानिक मंडळीवर बंधनकारक नसतो. प्रत्येक मंडळी आपलं आपण ठरवते. म्हणून पंथाच्या नावावरून एखाद्या मंडळीचं मत गृहीत धरू नका. तिच्या माहितीत 'ओपन अँड अफर्मिंग', म्हणजे समलिंगी व्यक्तींनाही पूर्णपणे सामावून घेणारी, असं लिहिलंय का पाहा. १९८५ पासून चालत आलेली ही ओळख मंडळी स्वतः निर्णय करून घेते.

शेवटी एक बारीक गोष्ट, पत्रिका किंवा स्मरणिका छापायला देणाऱ्यांसाठी. या पंथाचं २००४ पासूनचं घोषवाक्य असं लिहितात: 'देव अजूनही बोलत आहे,' अवतरणातला तो स्वल्पविराम मुद्दाम आहे. बोलणं संपलेलं नाही, हे त्यातून सांगायचंय. डीटीपी करणारा तो चूक समजून तिथे पूर्णविराम टाकतो, त्यामुळे कच्च्या प्रतीवर त्या जागी लाल शाईने गोल करून शेजारी लिहा: 'स्वल्पविराम ठेवणे.'