गेम घेतला, पण फाइल कुठे आहे?

डीआरएम म्हणजे गेमला लावलेलं कुलूप, आणि त्याची किल्ली दुकानदाराच्या सर्व्हरवर. खातं गोठलं, दुकान बंद पडलं, कधी कधी नुसतं नेट गेलं, तरी पैसे मोजून घेतलेला गेम उघडत नाही. ऑक्टोबर 2024 पासून स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान पैसे भरायच्या पानावरच सांगतं की तुम्ही घेताय तो गेमचा परवाना. ही गोष्ट गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, असा कायदाच त्या वर्षी कॅलिफोर्नियात झाला.

कुलूप नसलेले गेम विकणारी दुकानं आहेत, पण तिथून घेतलं म्हणजे काम झालं असं होत नाही. फाइल तुमच्या डिस्कवर उतरली, आणि नेट बंद करून गेम चालला, की तो विकत घेतला असं समजायचं. तोवर तुमच्या हातात फक्त पावती आहे.

कोणतं दुकान

जीओजी हे पोलंडचं दुकान, 2008 पासूनचं. सुरुवात जुन्या गेमपासून झाली, आता तिथे इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र निर्मात्यांचे, गेम भरपूर मिळतात. दुकान निवडून माल ठेवतं, त्यामुळे न चालणारा गेम क्वचित पदरी पडतो.

इच-डॉट-आयओ 2013 मध्ये सुरू झालं आणि तिथे कुणीही आपला गेम लावू शकतो. त्यामुळे 'सेलेस्ट' आणि 'अ शॉर्ट हाइक'सारखे नावाजलेले गेम आणि कुणाचा शनिवार-रविवारचा अर्धवट प्रयोग एकाच फळीवर असतात. हीच तिथली मजा आहे, पण डोळे उघडे ठेवावे लागतात. झूम प्लॅटफॉर्म (व्हिडिओ कॉलच्या झूमशी याचा संबंध नाही) हे आणखी एक छोटं दुकान.

हंबल या दुकानाबद्दल मात्र जुनी समजूत सोडा. 2010 मध्ये त्यांचे पहिले गठ्ठे (एकत्र विकलेले बरेच गेम) डीआरएमशिवाय आले, म्हणून अजूनही लोक डोळे झाकून घेतात. आता तिथे मिळते ती बहुतेक स्टीमची की. की म्हणजे नुसता कोड, फाइल नव्हे. ती स्टीमच्या खात्यात टाकायची आणि पुढे स्टीमचे नियम.

गेम बनवणाऱ्याची स्वतःची साइट आधी बघायची सवय ठेवा. तिथे काही वेळा डेमो असतो, काही वेळा अख्खी फुकट आवृत्ती. 'ड्वॉर्फ फोर्ट्रेस'ची चित्रांसहची आवृत्ती डिसेंबर 2022 मध्ये इचवर विक्रीला आली, पण साधी क्लासिक आवृत्ती निर्मात्यांच्या साइटवर फुकट मिळते. आधी ती दोन संध्याकाळी खेळून बघा, मग पाकीट काढा.

पैसे देण्याआधी फायलींची यादी वाचा

इचवर गेमचं पान खाली सरकवलं की 'बाय नाउ' असं लाल बटण येतं. त्याच्याखाली, किमान किंमत सांगणाऱ्या ओळीनंतर, एक छोटी यादी असते: फाइलचं नाव, तिचा आकार, आणि पुढे विंडोज, अ‍ॅपल किंवा लिनक्सच्या पेंग्विनचं चिन्ह. पैसे देऊन जे मिळणार ते हेच. पानावरच्या ट्रेलरवर जाऊ नका, ही यादी वाचा. तिच्यात फक्त 'स्टीम की' लिहिलेलं असेल तर कुलूपवाला गेम घेताय. विंडोजची फाइल 600 एमबीची आणि मॅकची तीन वर्षं जुनी असेल, तर मॅकवाल्यांनी समजून जावं. 'डेमो' असं लिहिलेली फाइल असेल तर ती पैसे न देता उतरते. ती आपल्या मशीनवर चालली तर पूर्ण गेम चालायची शक्यता बरीच.

त्याच पानावर 'मोअर इन्फर्मेशन' उघडा आणि 'स्टेटस' बघा. 'रिलीज्ड' असेल तर ठीक. 'इन डेव्हलपमेंट' असेल तर आज आहे तेवढ्याचीच किंमत करा. पुढच्या भागांच्या वचनावर पैसे देऊ नका. शेवटची सुधारणा कधी झाली तेही तिथेच दिसतं.

जीओजीवर छुप्या कुलपाचा धोका कमी आहे, पण अगदीच नाही असं नाही. सप्टेंबर 2021 मध्ये तिथे 'हिटमॅन' आला, आणि त्यातली बरीच प्रगती नेटशिवाय साठतच नव्हती. गिऱ्हाइकांनी झोडपल्यावर ऑक्टोबरमध्ये तो काढून टाकला गेला. अनेकांनी मिळून खेळायचा भाग हवा असेल तर त्यासाठी जीओजीचं गॅलॅक्सी सॉफ्टवेअर पुष्कळदा लागतंच. गेमच्या पानावर उजवीकडची तपशिलाची चौकट त्यासाठी वाचा.

भारतातून पैसे भरताना

बहुतेकांची गाडी इथे अडते. या दुकानांत यूपीआय गृहीत धरू नका. व्हिसा किंवा मास्टरकार्ड, नाहीतर पेपाल, असा हिशोब ठेवा. घरगुती वापराचं रुपे डेबिट कार्ड हाती असेल तर ते इथे चालेल या भरवशावर राहू नका.

कार्ड चालतं पण व्यवहार नाकारला जातो, याचं नेहमीचं कारण साधं आहे: रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नवीन कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंदच येतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जा, 'इंटरनॅशनल' खालचा 'ऑनलाइन' पर्याय चालू करा, आणि मर्यादा 2,000 रुपयांसारखी लहान ठेवा. परदेशी दुकानं पुष्कळदा ओटीपी मागत नाहीत, म्हणून ही मर्यादा महत्त्वाची. खरेदी झाली की पर्याय पुन्हा बंद करा. सलग तीनचार वेळा नाकारलं गेलं तर थांबा. पुन्हा पुन्हा बटण दाबल्याने बँक संशय घेते आणि कार्डच अडकतं.

खर्चाचा हिशोब असा. 10 डॉलरचा गेम, डॉलर 90 रुपये धरला तर 900 रुपये. बँकेचा परकीय चलनाचा आकार 3.5 टक्के असेल तर त्याचे 31 रुपये 50 पैसे, त्या आकारावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 5 रुपये 67 पैसे. एकूण 937 रुपये. दुकानाने गेमवर वेगळा कर लावला तर तो पैसे भरायच्या पानावर दिसतो. पेपालने भरताना 'कुणाच्या दराने चलन बदलायचं' असा पर्याय लपलेला असतो. पेपालचा दर बँकेपेक्षा बहुधा महाग पडतो, तेव्हा तिथे डॉलरमध्येच आकारणी निवडून बदलायचं काम बँकेवर सोडा.

इचवर ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त रक्कम टाकता येते, आणि काही गेम 'द्याल ते' तत्त्वावर असतात. द्यायचंच असेल तर एकदम द्या. पैसे पोहोचवणारी कंपनी साधारण 2.9 टक्के आणि वर 30 सेंट कापते, इच स्वतः नेहमीच्या सेटिंगमध्ये 10 टक्के घेतं (हा वाटा विक्रेता स्वतः ठरवतो, शून्यही करू शकतो). म्हणजे 1 डॉलर दिला तर निर्मात्याला सुमारे 57 सेंट, 5 डॉलर दिले तर सुमारे 4 डॉलर 5 सेंट. एकेक डॉलर पाच वेळा देणं म्हणजे त्या कापणाऱ्या कंपनीला पोसणं.

उतरवून घेणं

इचवर खात्याशिवायही खरेदी होते. डाउनलोडची लिंक ईमेलवर येते, म्हणून ईमेलचा पत्ता टाकताना दोनदा बघा. पुढे त्याच ईमेलने खातं उघडलं की खरेदी खात्याला जोडता येते. ती लिंक कुणाला पाठवू नका, ती तुमचीच किल्ली आहे.

इचच्या गठ्ठ्यांचा एक चकवा आहे. जून 2020 मध्ये वर्णद्वेषविरोधी मदतीसाठी निघालेल्या गठ्ठ्यात किमान 5 डॉलरला 1,700 हून अधिक गोष्टी होत्या आणि 80 लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. तो घेतलेल्या कितीतरी जणांना नंतर लायब्ररी रिकामी दिसली. कारण गठ्ठ्यातला गेम आपोआप लायब्ररीत येत नाही. गठ्ठ्याच्या पानावर जाऊन त्या गेमसमोरचं 'डाउनलोड' दाबलं की तेवढाच एक गेम जोडला जातो. म्हणून गठ्ठ्याच्या पानाची लिंक जपून ठेवा, आणि हवे ते वीसपंचवीस गेम पहिल्याच दिवशी दाबून टाका.

जीओजीचा चकवा वेगळा आणि जास्त महागात पडणारा. लायब्ररीत गेमच्या चित्रावर टिचकी मारली की वर ठळक बटण दिसतं ते गॅलॅक्सीतून बसवण्याचं. त्यातून उतरते ती छोटीशी फाइल, जी नंतर नेटवरून गेम आणते. लोक तीच बाहेरच्या डिस्कवर ठेवतात आणि बॅकअप झाला म्हणून निर्धास्त होतात. खरं हवं ते त्याच्या खाली, 'ऑफलाइन बॅकअप गेम इन्स्टॉलर्स' या शीर्षकाखाली असतं. आधी प्रणाली (विंडोज, मॅक किंवा लिनक्स) आणि भाषा निवडा, मग यादीतला प्रत्येक भाग उतरवा. मोठ्या गेमची एक 'सेटअप' नावाची ईएक्सई फाइल असते आणि तिच्यासोबत 'बिन' प्रकारच्या फायली, प्रत्येक 4 जीबीच्या आतली. या सगळ्या एकाच फोल्डरमध्ये, नाव न बदलता राहिल्या पाहिजेत. एखादी राहून गेली तर इन्स्टॉलर मध्येच 'पुढची डिस्क घाला' अशा अर्थाची चौकट दाखवतो. डिस्क वगैरे काही नसते, बिन फाइल हरवलेली असते. डीएलसीचे (गेमला नंतर जोडायच्या जादा भागांचे) इन्स्टॉलर वेगळे असतात, ते विसरू नका.

चालू होत नाही तेव्हा

इचवरचा गेम बहुधा झिपमध्ये येतो. झिपवर दोनदा टिचकी मारून आतली ईएक्सई तिथूनच चालवली तर 'डेटा फोल्डर सापडत नाही' अशी तक्रार येते, कारण विंडोजने तेवढी एकच फाइल तात्पुरती बाहेर काढलेली असते. उजवी टिचकी, 'एक्स्ट्रॅक्ट ऑल', मग चालवा. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या गेममध्ये ईएक्सई, त्याच नावाचं 'डेटा' फोल्डर आणि युनिटीप्लेअरची डीएलएल हे त्रिकूट एकत्रच हवं. डेस्कटॉपवर नुसती ईएक्सई ओढून आणू नका, शॉर्टकट करा.

आपल्याकडे आणखी एक गंमत होते. विंडोजचं खातं 'आई' किंवा 'संदीप' असं देवनागरीत उघडलेलं असेल, किंवा फोल्डरचं नाव 'खेळ' असेल, तर छोट्या टीमच्या काही गेमना तो मार्गच वाचता येत नाही. पडदा काळा होतो आणि गेम निमूट बंद. सी ड्राइव्हवर रोमन अक्षरांत साधं नाव देऊन फोल्डर करा आणि गेम तिथे हलवा. निम्म्या वेळा एवढ्यावर भागतं. खात्याचंच नाव देवनागरीत असेल तर सेव्हची, म्हणजे साठवलेल्या प्रगतीची, जागाही अडू शकते. मग रोमन नावाचं दुसरं खातं उघडून बघण्याला पर्याय नाही.

विंडोजची निळी 'प्रोटेक्टेड युअर पीसी' चौकट म्हणजे व्हायरस सापडला असं नव्हे. छोट्या निर्मात्याने सहीचं प्रमाणपत्र विकत घेतलेलं नसतं आणि फाइल फार थोड्यांनी उतरवलेली असते, म्हणून विंडोज तिला ओळखत नाही. तरी फाइल आधी व्हायरसटोटल या साइटवर तपासा. एकदोन अनोळखी स्कॅनरनी बोट दाखवलं तर सहसा तो गैरसमज असतो, दहाबारांनी दाखवलं तर काढून टाका. स्वच्छ असेल तर 'मोअर इन्फो' आणि मग 'रन एनीवे'.

मॅकवर 2024 च्या सेक्वॉया आवृत्तीपासून उजव्या टिचकीने उघडायची जुनी युक्ती चालत नाही. एकदा उघडायचा प्रयत्न करा, मग सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त खाली 'ओपन एनीवे' येतं. 'डॅमेज्ड' असा संदेश आला तरी फाइल बहुधा चांगलीच असते. नेटवरून आलेल्या फाइलवरची खूण टर्मिनलमधून काढावी लागते, आणि ती कमांड निर्मात्याने पानावर दिलेली असते. 2019 च्या कॅटालिना आवृत्तीपासून जुने 32-बिट गेम मात्र मॅकवर चालतच नाहीत, तिथे इलाज नाही. लिनक्सवर फाइलच्या गुणधर्मांत जाऊन 'प्रोग्रॅम म्हणून चालवू द्या' हे टिक करा.

सेव्ह, सुधारणा आणि बॅकअप

फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकून दुसऱ्या मशीनवर नेलं, गेम चालला, पण चाळीस तासांची प्रगती गायब. सेव्ह गेमच्या फोल्डरमध्ये बहुधा नसतं म्हणून असं होतं. विंडोजवर ते तुमच्या खात्याच्या 'अ‍ॅपडेटा' या लपलेल्या फोल्डरमध्ये असतं: युनिटीच्या गेमचं 'लोकललो'मध्ये स्टुडिओच्या नावाखाली, गेममेकर या तशाच सॉफ्टवेअरच्या गेमचं 'लोकल'मध्ये. एक्स्प्लोररमध्ये 'हिडन आयटम्स' चालू करा म्हणजे दिसेल. नवी आवृत्ती बसवण्याआधी हे फोल्डर वेगळं कॉपी करा, कारण सुधारणा आपोआप येत नाहीत, त्या तुम्हीच उतरवणार आणि तुम्हीच बसवणार. जुनी आवृत्तीही लगेच पुसू नका. नव्या आवृत्तीने जुनं सेव्ह नाकारलं तर परत जायला वाट हवी.

बाहेरची डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट32 मध्ये 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि इचवरच्या मोठ्या झिप तिथेच अडकतात. प्रत्येक गेमला एक फोल्डर: इन्स्टॉलर किंवा मूळ झिप, पावतीची पीडीएफ, आणि फाइलच्या नावात नसेल तर आवृत्ती आणि तारीख. सेव्हन-झिप या झिप उघडायच्या सॉफ्टवेअरच्या उजव्या टिचकीच्या यादीत 'एसएचए-256' (फाइल जशीच्या तशी आहे का ते सांगणारा आकडा) काढता येतो, तो आकडाही एका मजकूर फाइलमध्ये ठेवा. दोन वर्षांनी इन्स्टॉलर अडखळला तर डिस्कने दगा दिला की गेमने, हे त्यावरून कळतं. दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर. हे गेम मित्राला वाटायला नाहीत, कुलूप नसलं तरी परवाना एकाचाच असतो.

हे सगळं आळस न करता पहिल्या आठवड्यातच करावं. जुलै 2025 मध्ये पैसे पोहोचवणाऱ्या कंपन्यांच्या दबावामुळे इचने प्रौढांसाठीचे हजारो गेम एका झटक्यात शोधातून हटवले, आगाऊ सूचना न देता. ज्यांच्याकडे फाइल होती त्यांचा खेळ थांबला नाही.

पैसे परत मागायचे असतील तर जीओजी खरेदीपासून 30 दिवसांत देतं, गेम उतरवून खेळला असला तरी. इचवर असा ठरलेला हक्क धरून चालू नका. मदतकक्षाला लिहा, खरेदीचा ईमेल, प्रणाली, फाइलची आवृत्ती आणि चुकीच्या संदेशाचा फोटो जोडा, आणि त्याच वेळी गेमच्या पानाखाली निर्मात्यालाही विचारा. पुष्कळदा पैसे परत यायच्या आत दुरुस्त केलेली फाइलच येते.